आखलेला दिवस रोज का कोलमडतो : दोष शोधण्याची एक पद्धत

माझ्या टेबलाच्या खणात तीन वर्षांच्या डायऱ्या आहेत. त्यांतले कोणतेही पान उघडले तरी चित्र एकच दिसते : वर नीट अक्षरात लिहिलेली अकरा कामे, त्यांपैकी चार-पाचांवर बरोबरच्या खुणा आणि उरलेल्यांपुढे उद्याच्या पानाकडे जाणारा बाण. एका कामापुढचा बाण तर सलग नऊ पानांवर आहे. अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीत मी हिशेब विभाग सांभाळते, डोंबिवलीहून येऊन-जाऊन करते, आणि कामचुकार आहे असे मला आजवर कोणी म्हटलेले नाही. तरीही संध्याकाळी साडेसहाला संगणक बंद करताना ‘आज काहीच झाले नाही’ असे वाटणे, आणि साकीनाक्याहून घाटकोपरला जाणाऱ्या मेट्रोत दांडी धरून उभी असताना राहिलेल्या कामांची डोक्यात उजळणी सुरू होणे, हे वर्षानुवर्षे रोजचे होते. वारंवार येणारा बिघाड एकेक जागा तपासून जसा शोधतात, तसा तो दिवसाच्या आखणीत कसा शोधायचा, एवढेच या टिपणात सांगितले आहे.

आमच्या जुन्या इमारतीत चिनीमातीचे फ्यूज होते. फ्यूज वरचेवर उडू लागला की काही शेजारी त्यात जाड तार घालत आणि आठ दिवस निभावून नेत. वायरमन आला की मात्र तो आधी विचारी, फ्यूज उडतो तेव्हा घरात काय काय चालू असते? माझ्याही जाड तारा बऱ्याच घालून झाल्या होत्या. काही महिने मी आठ वाजेपर्यंत थांबत असे. मग पहाटे साडेचारला उठून घरून तासभर काम करून पाहिले. मोबाइलमध्ये कामांच्या याद्यांचे ॲप घातले. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून बसवलेली पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धतही वापरली. यातली कोणतीही गोष्ट वाईट नाही, पण प्रत्येक उपाय दहा दिवस चालला आणि अकराव्या दिवशी डायरीतले बाण परत आले, कारण बिघाड कुठे आहे हे मी एकदाही पाहिलेले नव्हते.

आधी मोजणी, मग आखणी

पहिले पाच दिवस काहीही बदलू नये. फक्त एक कोरा कागद कीबोर्डशेजारी ठेवावा आणि हातातले काम बदलले की वेळ व कामाचे नाव एवढेच दोन-तीन शब्दांत लिहावे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीचा उपयोग होत नाही, कारण आठवणीत मोठी कामे राहतात आणि मधल्या चिल्लर गोष्टी गळून जातात. वेळ तर त्या चिल्लर गोष्टींतच गेलेला असतो. सोमवार ते शुक्रवार असा पूर्ण आठवडा घ्यावा, आणि शक्य असल्यास तो महिन्याच्या मधला घ्यावा, कारण महिनाअखेरीचा आठवडा कोणाचाच सरळ नसतो.

माझा हिशेब असा निघाला. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा म्हणजे ५४० मिनिटे. डबा खाण्याचा अर्धा तास आणि दोन वेळचा चहा मिळून ५० मिनिटे गेली. मीटिंगा सरासरी ७० मिनिटे. इतरांच्या विचारणा, फोन आणि लगेच उत्तर द्यावे लागलेले मेल यांत १४५ मिनिटे. कागद शोधणे, सहीसाठी थांबणे आणि सुटलेला धागा पुन्हा पकडणे यांत ५५. उरली २२० मिनिटे, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटे. याच काळात मी डायरीत रोज जी कामे लिहीत होते, त्यांची माझ्याच अंदाजाने बेरीज साडेसहा तासांच्या आसपास होती. ३९० मिनिटांचे काम २२० मिनिटांत बसवणे हे कोणत्याही युक्तीला जमणारे नाही. इतकी साधी वजाबाकी, आणि हिशेबावर पोट भरणाऱ्या बाईने ती कधी केली नव्हती, याची मला आजही थोडी लाज वाटते.

आपला आकडा दोन तास येईल किंवा पाच तास येईल. दुकान सांभाळणाऱ्याचा, शाळेत शिकवणाऱ्याचा आणि घरून काम करणाऱ्याचा आकडा निरनिराळाच असणार. तो कमी आला म्हणून खंत करू नये. आखणी घड्याळातल्या नऊ तासांची न करता या उरलेल्या तासांची करायची, हे एकदा मान्य केले की पुढची तपासणी सोपी जाते.

अंदाज कुठे चुकतो

मोजणीच्या कागदावर दुसरी गोष्ट दिसली ती अशी की माझे अंदाज एकाच दिशेला चुकत होते. बँकेच्या मेळासाठी, म्हणजे आमच्या नोंदी बँकेच्या उताऱ्याशी जुळवण्यासाठी, मी नेहमी पाऊण तास धरत असे. पाच दिवसांत तो दोनदा केला आणि दोन्ही वेळा दीड तास लागला. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला नियोजनाचा भ्रम असे नाव दिले होते. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले गेले. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, आणि सगळेच बिनसले तर किती लागतील यावर त्यांनी ४८.६ दिवस सांगितले होते. प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. विद्यार्थ्यांनी मुद्दाम धरलेला वाईटातला वाईट अंदाजही वस्तुस्थितीपेक्षा आशावादीच ठरला, हे मला यात सर्वांत बोलके वाटते. म्हणूनच ‘थोडा जास्त वेळ धरा’ या सल्ल्याने फारसा फरक पडत नाही, कारण तो थोडा जास्त वेळही आपण त्याच भाबड्या मनाने ठरवत असतो.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. वारंवार येणाऱ्या प्रत्येक कामापुढे मागच्या तीन वेळा प्रत्यक्ष किती वेळ लागला ते लिहून ठेवावे आणि यादी करताना तोच आकडा घ्यावा. ‘हे काम किती वेळात होईल’ असे मनाला विचारू नये. ‘मागच्या खेपेला किती वेळ लागला’ असे कागदाला विचारावे. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अशी बावीस कामांची यादी आहे. नवे काम आले तर त्याच्याशी मिळतेजुळते जुने काम शोधून त्याचा आकडा धरते.

काय उरते, यावरून दोष ओळखावा

पंधरा दिवसांच्या याद्या समोर ठेवून उरलेल्या कामांकडे पाहिले तर साधारण तीन प्रकार दिसतात. प्रत्येकाचे कारण वेगळे असते, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की काहीच सुधारत नाही.

पहिला प्रकार असा की रोज तेच काम उरते. माझ्या नऊ पानांवर बाण असलेल्या कामाचे नाव होते ‘जुन्या उधारीची छाननी’. ते होत का नाही हे एका शनिवारी शांतपणे पाहिले, तेव्हा लक्षात आले की यादीत एक ओळ व्यापणाऱ्या त्या नावाखाली ६३ खाती दडलेली होती. त्यांपैकी निम्म्यांची पुष्टी विक्री विभागाकडून यायला हवी होती आणि ती मी मागितलीच नव्हती. शिवाय तीन खाती अशी होती की त्यांतली रक्कम बुडाली आहे हे मला ठाऊक होते आणि ते साहेबांना सांगण्याची माझी तयारी नव्हती. सलग उरणाऱ्या कामात बहुधा यांतलेच काहीतरी असते : ते एक काम नसून वीस कामे असतात, किंवा ते दुसऱ्याच्या हातात अडकलेले असते, किंवा त्यात आपल्याला नको असलेले एखादे बोलणे लपलेले असते. मी ती ओळ खोडून ‘विक्री विभागाला ३० खात्यांची यादी पाठवणे, २० मिनिटे’ असे लिहिले आणि ते त्याच दिवशी झाले. मग रोज दहा खाती घेतली. साहेबांशी बोलणेही यादीत वेगळी ओळ म्हणून लिहिले, आणि ते शेवटी चार मिनिटांत उरकले. ते फारसे आनंदाचे नव्हते, पण उरकले.

दुसऱ्या प्रकारात रोज निरनिराळी कामे उरतात. येथे दोष एखाद्या कामात नसतो. यादीच जास्त भरलेली असते, नाहीतर दिवस मधून मधून तुटत असतो. तिसऱ्या प्रकारात सगळे होते, पण सातनंतर होते. हे लोक याद्या उत्तम करतात आणि त्यांना तक्रारही करता येत नाही, कारण कागदावर सगळ्या खुणा बरोबर असतात. त्यांचा दोष बहुधा दिवसाच्या शेवटी येणाऱ्या कामांत असतो. त्याच्याकडे शेवटी येते.

‘पाच मिनिटं आहेत का?’

दिवस तुटतो म्हणजे नेमके काय होते, हे एका मंगळवारच्या नोंदीवरून सांगते. सकाळी अकरा दहाला मी बँकेचा मेळ घेत होते आणि ५४,००० रुपयांचा फरक येत होता. फरकाला नवाने भाग गेला की कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, असा आम्हा हिशेबनिसांचा जुना आडाखा आहे. ५४,००० ला नवाने भाग जातो, म्हणून मी नोंदी वरून खाली पाहत होते आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर आले होते. तेवढ्यात विभागातला नवा मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, पाच मिनिटं आहेत का?” त्याला एका बिलावरचा करदर विचारायचा होता. तो प्रश्न खरोखर तीन मिनिटांत संपला. पण मी परत पडद्याकडे वळले तेव्हा कुठवर आले होते ते आठवेना, पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली, आणि तरीही मनाचा एक कोपरा त्याला सांगितलेला दर बरोबर होता ना यातच अडकलेला होता. ८२,६०० ऐवजी २८,६०० पडलेली नोंद सापडली तेव्हा पावणेबारा वाजले होते.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये या मागे अडकलेल्या मनाला लक्षाचा उरलेला अंश अशा अर्थाचे नाव दिले. आधीचे काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळले की त्याचा काही अंश मनात राहतो आणि पुढच्या कामाची प्रत खालावते, असे तिचे निष्कर्ष होते. १४५ मिनिटांच्या विचारणांची खरी किंमत त्यामुळे १४५ मिनिटांहून जास्त असते. माझ्या नोंदीतली ‘धागा पुन्हा पकडणे’ ही ५५ मिनिटांतली मोठी बाब तिथूनच आलेली होती.

‘दार बंद करून बसा’ हा सल्ला मुंबईतल्या बहुतेक कचेऱ्यांत निरुपयोगी आहे, कारण दारच नसते. माझे टेबल पाण्याच्या कूलरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. म्हणून मी विचारणा बंद करण्याच्या भरीस न पडता त्यांना ठरलेली वेळ दिली. दुपारी बारा ते साडेबारा आणि साडेचार ते पाच या दोन वेळांत कोणीही यावे, काहीही विचारावे. मधल्या वेळात टेबलाच्या कडेला एक वही असते, तिच्यात प्रश्न लिहून जावे. पहिले चार दिवस मुलांना ते विचित्र वाटले आणि एकाने तर मॅडम रागावल्या आहेत का, असे शेजारी विचारलेही. दुसऱ्या आठवड्यापासून गंमत अशी झाली की वहीतले निम्मे प्रश्न बारा वाजेपर्यंत त्यांनीच खोडलेले असत, कारण लिहिता लिहिता उत्तर सापडलेले असे. बँकेतून आलेला फोन, साहेबांची हाक आणि गाडी अडवून उभा असलेला माल हे मात्र वहीत बसत नाही. त्यांच्यासाठी उठावेच लागते.

मेलचेही असेच केले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कॉस्टादिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ प्रौढांवर केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहायचे आणि एक आठवडा हवे तितक्यांदा पाहायचे, असे त्यांना सांगितले होते. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात लोकांना रोजचा ताण कमी जाणवला. व्हॉट्सॲपच्या गटांना हे लागू करणे अवघड आहे, कारण तिथे निळ्या खुणांवरून आपली हजेरी लागते. मी ‘तातडीचे असेल तर फोन करा’ असे सर्वांना एकदा सांगितले. फोन फार थोडे आले.

रिकामा ठेवलेला तास

आता सर्वांत जास्त वाद होणारा मुद्दा. २२० मिनिटे हातात असतील तर यादी २२० मिनिटांची करू नये. मी १६० ते १६५ मिनिटांची करते. उरलेला तास कोणत्याही कामाला दिलेला नसतो. आमच्या साहेबांना हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्यांना तो आळशीपणा वाटला होता, आणि त्यांचे उत्तर मला रांगेच्या गणितातून द्यावे लागले.

एकच खिडकी आहे, माणसे केव्हाही येतात आणि प्रत्येकाच्या कामाला कमी-जास्त वेळ लागतो, अशी साधी रांग डोळ्यांपुढे आणावी. खिडकीवरचा माणूस निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी एका माणसाच्या कामाइतका वेळ थांबावे लागते. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर थांबणे चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शेवटच्या काही टक्क्यांत काम थोडेसेच वाढते, रांग मात्र बेसुमार वाढते. ठासून भरलेल्या दिवसात अकरा वाजता आलेले एक अनपेक्षित काम संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या कामांना ढकलत जाते, त्याचे कारण हेच आहे. सकाळच्या गर्दीत एका गाडीचा डबा दारात माणूस अडकल्याने दोन मिनिटे थांबला की मागच्या चार गाड्या कशा खोळंबतात, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला वेगळे सांगायला नको. डबेवाल्यांची व्यवस्था वाखाणली जाते तेव्हा त्यांच्या रंगीत खुणांविषयी पुष्कळ बोलले जाते, पण त्यांच्या गटांत नेमक्या गरजेपेक्षा दोन-तीन माणसे जास्त ठेवलेली असतात, याकडे कमी लक्ष जाते. कोणी आजारी पडला किंवा गाडी चुकली तरी डबा पोचतो, तो त्या जादा माणसांमुळे.

हा तास दिवसाच्या शेवटी ठेवू नये, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. शेवटी ठेवलेला तास सकाळपासून कोणाच्या ना कोणाच्या नावे खर्ची पडत राहतो. मी अर्धा तास जेवणाआधी आणि अर्धा साडेतीनच्या सुमारास ठेवते. काहीच अनपेक्षित आले नाही तर उद्याचे काम ओढून घेते. असे महिन्यातून दोन-तीनदाच होते.

दिवस नव्हे, महिना बिघडलेला असतो तेव्हा

कधी कधी दिवसाची आखणी बरोबर असते आणि तरीही विशिष्ट तारखांना सगळे कोसळते. तेव्हा दोष शोधायला पूर्ण महिना समोर घ्यावा लागतो. आमच्या विभागात मागच्या महिन्याचा टीडीएस, म्हणजे देणी देताना कापून घेतलेला कर, ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी विक्रीचे जीएसटीआर-१ हे ११ पर्यंत, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसी (कर्मचारी विमा) १५ पर्यंत, आणि कर भरण्याचे जीएसटीआर-३बी २० पर्यंत. शेवटच्याला वीस दिवस मिळतात असे वाटते, पण खरेदीवरचा कर जुळवायला लागणारे २बी हे विवरण १४ तारखेला तयार होते. म्हणजे खरे दिवस सहा, आणि त्यांतला एक बहुधा रविवार. हे लक्षात आल्यापासून १५ ते १८ या तारखांच्या पानांवर मी रोजच्या कामांपैकी दोनच लिहिते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर २० ऐवजी १८ ला गोल करते.

त्याच कॅलेंडरवर जून ते सप्टेंबर या महिन्यांत निळ्या पेनाच्या खुणाही असतात. साडेचार मीटरच्या वरची भरती कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, याची यादी महापालिका पावसाळ्याआधी प्रसिद्ध करते. शहरातल्या पर्जन्यजल वाहिन्यांची बरीच तोंडे भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे अशा भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की पाणी समुद्रात जायचे थांबते, आणि कुर्ला-शीव पट्ट्यात रुळांवर पाणी चढले की डोंबिवली फार लांब जाते. या मोठ्या भरत्या अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे येतात आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आठवडाभर आधी अंदाज बांधता येतो. भरती आणि देय तारीख एकाच आठवड्यात आली, तर ते काम मी घरून करता येईल अशा तयारीने दोन दिवस आधी बांधून ठेवते. पाऊस पडेलच असे नाही, पण आखणीत त्याची जागा धरलेली असावी.

संध्याकाळची दहा मिनिटे

यादी सकाळी करू नये. सकाळी घाटकोपरला गाडी पाच मिनिटे उशिरा पोचली, मेट्रोच्या जिन्यावर रांग असली, की कचेरीत पाऊल ठेवताच पहिला फोन आपली वाट पाहत असतो आणि दिवसाची यादी तो फोनच ठरवतो. चौथ्या सीटवर अर्धे बूड टेकवून मोबाइलमध्ये यादी करण्याचा प्रयोगही मी करून पाहिला. त्यापेक्षा डोळे मिटून बसलेले बरे.

मी सव्वासहाला बाकी सगळे थांबवते. राहिलेल्या प्रत्येक कामापुढे नुसता बाण काढण्याऐवजी ते कधी आणि कुठून सुरू करायचे ते लिहिते, उदाहरणार्थ ‘गुरुवार, १०.००, दुसऱ्या पानाच्या २४ व्या नोंदीपासून’. अपुरी कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले होते. ते काम पूर्ण न करताही, ते कधी व कसे करणार याची नेमकी योजना केली की मनातली टोचणी कमी होते, असे मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसले. माझ्यापुरती याची खूण मेट्रोत पटते. साकीनाका ते घाटकोपर हा थोडासाच प्रवास आहे, पण पूर्वी त्यात दिवसभराची झडती होत असे. आता मी बहुतेक वेळा भाजी काय घ्यायची याचा विचार करत असते.

तरीही सुधारले नाही तर

मोजणी झाली, अंदाज सुधारले, तास मोकळा ठेवला, आणि तरीही महिनाभराने कामे उरतच असतील, तर दोष आपल्या आखणीत नाही असे समजावे. दोन माणसांचे काम एकाकडे आलेले असते. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे कामाची मागणी जास्त आणि त्यावरचा स्वतःचा ताबा कमी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ताण सर्वाधिक होतो. अशा वेळी स्वतःला आणखी शिस्त लावणे म्हणजे पुन्हा जाड तार घालणे. वरिष्ठांकडे ‘फार काम आहे’ असे सांगत गेल्यास उत्तर ठरलेले असते, कारण काम सर्वांनाच फार असते. पाच दिवसांच्या मोजणीचा कागद घेऊन गेल्यास बोलणे वेगळ्या जागी सुरू होते. मी गेले तेव्हा एवढेच म्हटले, “साहेब, रोजचे माझ्या हातात तीन तास चाळीस मिनिटं आहेत. हे नवीन काम घेतलं, तर यांतलं कोणतं मागे ठेवू?” त्यांनी कागद दोनदा वाचला, दोन मीटिंगांपुढे फुली मारली आणि म्हणाले, “या दोन्हींना तुम्ही नसलात तरी चालेल.” त्या दोन फुल्यांनी मला दिवसाला सरासरी अर्धा तास दिला.

झोप उडणे, रविवारी दुपारपासूनच छातीत धडधड सुरू होणे, घरच्यांवर विनाकारण चिडणे असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर डायरी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

एक दोष माझ्याकडे अजून शिल्लक आहे, तो तिसऱ्या प्रकारातला. संध्याकाळी साडेपाचला येणारा फोन आणि त्यातले ‘आजच हवे’ हे दोन शब्द. मोकळा ठेवलेला तास तोवर बहुधा संपलेला असतो. या फोनांचीही मी गेले तीन महिने नोंद ठेवते आहे : कोणाचा, कशासाठी, आणि पाठवलेला कागद दुसऱ्या बाजूला केव्हा उघडला गेला. एकतीस फोनांपैकी तेवीस वेळा तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर उघडलेला आहे. म्हणून आता मी फोनवरच विचारते, “आज पाठवलं तर आजच बघणार का, की उद्या दहाला मिळालं तर चालेल?” बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि उद्या चालेल म्हणतात. उरलेल्यांसाठी मी अजूनही थांबते, आणि त्या दिवशी घरी फोन करून कुकर लावायला सांगते.